मठपती बाईंनी पाडलेल्या तीन खोल्या

मठपती बाईंना फसवलं ते वरच्या कार्यालयातल्या एका साहेबानं. फोनवर फसवलं, भर दुपारी फसवलं, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण आमच्या भागात आता उलटीच गोष्ट फिरते. बेंबळीच्या बाजारात चहा पिता पिता कुणीतरी सहज म्हणतं, त्या गावच्या बाईनं चांगली शाळा पाडली म्हणे. असं म्हणणाऱ्याशी मी प्रत्येक वेळी भांडलो आहे आणि पुढंही भांडणार आहे.

बेंबळीत माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, शटर, पत्र्याचं शेड, सगळं करतो. बाप दुसऱ्याच्या रानात राबला, मी दुसऱ्याच्या दुकानात रॉड धरून शिकलो, आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. शेजारीच माझं गाव, तिथल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी अध्यक्ष, तेही बाईंमुळं. पण माझं राहू द्या.

बाई मुख्याध्यापिका म्हणून आमच्या गावात आल्या तेव्हा शाळेला तीन बाजूंनी भिंत होती आणि चौथी बाजू उघडी. रोजगार हमीतून भिंत मंजूर झाली, तीन बाजू उभ्या राहिल्या, आणि मग योजनेचे नियम बदलले. पुढं कमानीचं झोकदार गेट आणि मागून गावभरच्या शेळ्या आत. बाई मात्र शाळा सुटली की त्या गेटला रोज कुलूप लावायच्या. मी एकदा तिथून चाललो होतो. राहवलं नाही.

"बाई, मागनं सगळं मोकळं हाय. म्होरं कुलूप कशाला?"

बाईंनी कुलूप ओढून बघितलं आणि म्हणाल्या, "मागनं आला तर तो चोर, एवढं तरी कळतं. पुढनं येणारा पाहुणा का चोर, ते कुठं कळतं? तुम्ही मिस्त्री ना? मग नुसतं हसू नका. उद्या या."

मी गेलो. का गेलो ते अजून मला सांगता येत नाही.

उंची बेताची, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, साडी चापूनचोपून नेसलेली, आणि साडीखाली पायात पांढरे बूट. छपरावर चढताना चप्पल दगा देते, असं त्यांचं म्हणणं. माहेर कर्नाटकाच्या शिवेवरचं, त्यामुळं रागावल्या की तोंडातून कानडी यायचं. 'साकु' म्हणजे पुरे. बाई 'साकु' म्हणाल्या की पोरंच काय, सरपंचसुद्धा गप्प बसायचा. कुठल्याही घरात शिरल्या की आधी छताकडं बघायच्या आणि मग माणसांकडं. माझ्याकडं हळदीकुंकवाला आल्या तेव्हाही उंबऱ्यातूनच वर बघून म्हणाल्या, "कोपऱ्यात पाणी मुरतंय." नव्या घराचं कौतुक ऐकायला बसलेली माझी बायको दोन दिवस धुसफुसत होती. पण पाणी मुरत होतं, ही गोष्ट खरी.

पोरगं नापास झालं तर पुन्हा परीक्षेला बसतं, स्लॅबला पुन्हा परीक्षा नसते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेत आल्या की पोरांची हजेरी घ्यायच्या आधी खोल्यांची हजेरी. काठीच्या टोकानं छत ठोकायच्या, आवाज पोकळ आला की त्याखालचा बाक सरकवायच्या. भिंतीला भेग दिसली की जुन्या उत्तरपत्रिकेची पट्टी फाडून ती खळीनं भेगेवर आडवी चिकटवायच्या. पट्टी फाटली तर समजायचं, भिंत हलतेय. कुणाच्या तरी शुद्धलेखनाची ती पट्टी महिनोन्‌महिने भिंतीवर असायची, आणि पोरं तिला हात लावायची नाहीत.

आमची पहिली खडाजंगी खिडक्यांच्या ग्रिलवरून झाली. ग्रिल आमच्याकडं किलोवर विकतात. मी भाव सांगितला, बाईंनी भावाबद्दल चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, सुटलो. ग्रिल घेऊन गेलो तर म्हणाल्या, रंग लावायच्या आधी वजन करायचं, आणि तेही माझ्या काट्यावर नाही, गावातल्या आडत्याच्या सोयाबीनच्या काट्यावर. माझं टाळकं सटकलं. चौकात उभं राहून मी बडबड बडबड बडबडलो, की या गावात माझ्या मालाचं वजन करणारा अजून जन्मला नाही. बाई शांतपणे ऐकत होत्या. ग्रिल काट्यावर चढलं आणि वजन चोख भरलं, वर थोडं जास्तच. मी छाती काढून उभा. बाई म्हणाल्या, "वा. माणूस सरळ निघाला. सरळ माणसाला एक काम फुकट सांगता येतं. दोन दारांना कड्या लावून द्या."

आणि म्या लावून दिल्या! उभ्या आयुष्यात सौदा जिंकून हरलो तो तेवढाच.

पण बाईंचा खरा डाव लग्नांचा. आमच्याकडं लग्नाचा मांडव शाळेच्या मैदानात पडतो, जुना रिवाज आहे. आधीचे गुरुजी वैतागायचे. पत्रावळ्या, चिखल, तुटलेले नळ. बाईंनी मैदान बंद केलं नाही. त्यांनी अट घातली: मांडव घाला, वऱ्हाड उतरवा, पण जाताना एक खोली दुरुस्त करून, रंगवून द्यायची. कागदावर काही नाही, तोंडी बोली. आधी लोकांनी कुरकुर केली. मग लोंढ्यांच्या सविताच्या लग्नात खोली पोपटी रंगवली गेली आणि गावात चुरस लागली. रुक्सानाच्या बापानं निळी रंगवली, वर दोन दारं नवी बसवली. राणीच्या मामानं गुलाबी रंगवून फरशीचे खड्डे भरले. खोल्यांना आकडे होते, ते सगळे विसरले. तिसरी रुक्सानात बसते, चौथी सवितात, असं पोरं म्हणायची. माहेरपणाला आलेल्या पोरी आपली खोली बघून जायच्या, पोपडा निघाला असला तर बापाला बोलायच्या. सरकारचा छदाम न घेता बाईंनी शाळेला सासरमाहेर मिळवून दिलं होतं.

सरकारचे हुकूम येतच होते. एका वर्षी भिंती बोलक्या करा, पुढच्या वर्षी वर्ग डिजिटल करा, त्याच्या पुढं हात धुवायचे नळ. बाई कुठल्याच हुकमाला नाही म्हणायच्या नाहीत. बोलक्या भिंतींच्या निधीतून त्यांनी आधी गिलावा करून घेतला आणि वर कळवलं, चित्र काढायला आधी भिंत लागते. अनुदान यायचं मार्च संपता संपता, आणि महिन्याच्या आत खर्च करायचं. त्या काळात बाई वाऱ्यासारख्या पळायच्या, आणि मला पळवायच्या.

मग फर्मान निघालं, प्रत्येक शाळेत कॅमेरे. पोरांच्या सुरक्षेसाठी. चांगली गोष्ट. बाईंनी कॅमेरा बसवला. पण बिल थकल्यामुळं शाळेची लाईट कधीच तोडलेली होती. तपासणीला एक अधिकारी आले. कॅमेरा बघून खूश झाले. चालू आहे का, त्यांनी विचारलं. लाईट आल्यावर, बाई म्हणाल्या. मग सुरक्षेचं काय? बाईंनी गेटकडं बोट दाखवलं. तिथं शाळेचा भात शिजवणारी कोंडाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिला बाईंनी मुद्दाम गेटाशी बसायला लावलेलं. अनोळखी माणूस दिसला की ती कुळ-मूळ विचारल्याशिवाय आत सोडायची नाही.

"हा आमचा कॅमेरा," बाई म्हणाल्या. "लाईट लागत नाही, आणि आवाजासकट चालतो."

कोंडाबाई मान वर न करता म्हणाली, "सायबानं आल्यापासनं दोनदा घड्याळ बघितलंय. घाईत हायती."

अधिकारी हसले आणि लवकर निघाले.

बाईंची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. वरच्या कार्यालयातून फोन आला की त्या तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायच्या. समोर कोण बसलंय ते बघायच्या नाहीत. सरकारचं बोलणं खासगी नसतं, म्हणायच्या. त्यामुळं गावाला सरकारचं सगळं कळायचं, आणि त्या दिवशीचंही कळलं.

झालं असं, की तीन जुन्या दगडी खोल्या होत्या, एकाच छपराखाली. त्र्याण्णवच्या भूकंपात गावातली घरं बसली पण त्या हलल्या नव्हत्या. त्यातली कडेची, राणीची खोली, अलीकडं खचायला लागली. चौकटीपासून तुळईपर्यंत भेग गेली. बाईंनी पट्टी लावली, ती फाटली. दुसरी लावली, तीही फाटली. त्याच दिवशी वर्ग व्हरांड्यात आणला आणि खोलीला कुलूप घातलं. मग ती एक खोली धोकादायक ठरवून यादीतून काढून टाका, असा प्रस्ताव पाठवला. याला निर्लेखन म्हणतात. निर्लेखनाचा आदेश आल्याशिवाय सरकारी भिंतीची वीटसुद्धा पाडता येत नाही. वरून उत्तर आलं, छप्पर एक, इमारत एक. पाडायची तर तिन्ही, नाहीतर एकही नाही.

बाई भडकल्या. दोन खोल्या ठणठणीत असताना पाडायच्या का? त्या कार्यालयात चकरा मारत राहिल्या. आणि मग एके दुपारी फोन आला. मी समोर बसलो होतो, गेटच्या बिजागऱ्या घेऊन गेलेलो. कोंडाबाई हातात पळी घेऊन दारात उभी होती. फोन टेबलावर.

"मॅडम, अभिनंदन. तुमच्या शाळेला तीन नव्या खोल्या मंजूर. पण महिनाअखेरीच्या आत जागा मोकळी करून फोटो पाठवा. नाहीतर निधी दुसऱ्या तालुक्याला जाईल."

"निर्लेखनाचा आदेश, साहेब?"

"टेबलावर आहे. सही झाली असं समजा."

"समजा, हे मी कुठं लिहून ठेवू?"

"मॅडम, तुम्हाला खोल्या पाहिजेत का कागद?"

बाईंनी खिडकीतून कुलूप घातलेल्या खोलीकडं बघितलं. आणि दारातून कोंडाबाई म्हणाली, "खोल्या पायजेत म्हणा की, बाई!"

साहेब फोनवर हसला. "बघा, गावाचं पण म्हणणं तेच आहे. पाडायला घ्या."

कोंडाबाईला मी दोष देत नाही. गावात कुणालाही विचारलं असतं तर हेच ऐकायला मिळालं असतं. आमच्याकडं बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. बोटं धरली की झालं, कागद नाही, साक्षीदार नाही. फिरणाऱ्याला पुन्हा कुणी बोट देत नाही. आम्हाला वाटलं, साहेबानं बोट दिलं.

बाईंनी तरी पत्र पाठवलं, आदेश द्या म्हणून. उत्तर नाही. पुन्हा फोन केला, साहेब बैठकीत. महिना सरत आला. गाव जमलं, आणि एकेकजण उठून सांगायला लागला, बाई, निधी गेला तर पुन्हा जन्मात येणार नाही. बाई शेवटपर्यंत ऐकत बसल्या आणि मग उठल्या.

"साकु. पाडा. पण त्यातल्या दोन चांगल्या आहेत, हे लक्षात ठेवून पाडा."

रविवार होता. काय सांगू तो दिवस! कुणी ट्रॅक्टर आणला, कुणी घण आणला, पोरांनी हलगी आणली. बाई गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभ्या, दोरी बांधलेली, दोरीच्या आत एकही पोर नाही. शिट्टी वाजली की घण थांबायचे. राणीची खोली धक्क्याला पडली. पण मधली, रुक्सानाची, पडेना. घण उसळून परत यायचे. शेवटी गॅस कटरनं मी लोखंडी तुळया कापल्या, तेव्हा कुठं छप्पर खाली आलं. गिलाव्याचे ढलपे निघाले त्यात एकाखाली एक रंग, पोपटीखाली पिवळा, त्याखाली चुना, बर्फीच्या थरासारखे. सविता माहेरी आलेली. तिनं पोपटी ढलपा पदरात बांधून नेला. रुक्सानाचा बाप घण टाकून बाजूला जाऊन बसला. म्हणाला, "लई मजबूत केली हुती हो मी."

बाईंनी फोटो पाठवले. जागा इतकी साफ, की अंगणासारखी रांगोळी काढावी.

मग काहीच नाही. नुसती माती आणि तीन ओट्यांच्या खुणा. आम्ही विचारत राहिलो, वरून उत्तर एकच, प्रक्रिया सुरू आहे. आणि पुढं धोरणच बदललं. ज्या शाळांचा पट कमी, तिथं नवीन बांधकाम नको. अशा शाळा मोठ्या शाळेला जोडायचा विचार सुरू आहे. सरकारचा विचार सुरू झाला की आपलं काम बंद पडतं, हे मला तेव्हा कळलं. तीन खोल्यांचा निधी कुठं गेला, कुणी सांगत नाही. आमच्या नावावर राहिली ती आधीपासूनची एक स्लॅबची खोली आणि एक व्हरांडा.

आणि बाईंना आली नोटीस. शासकीय इमारत विनापरवाना पाडल्याबद्दल खुलासा करा.

मी तडक साहेबाच्या कार्यालयात गेलो. शिपायानं अडवलं, मी थांबलो नाही. साहेब म्हणाला, मी असं काही सांगितलंच नाही, तुमच्याकडं लेखी काय आहे? मी म्हणालो, दोन कान आहेत. त्यावर तो हसला. जे बोलायचं नाही ते सगळं मी बोललो, आणि मला बाहेर काढलं.

चौकशी आली, बाईंना एका खोलीत बसवलं, तासाभरात संपली. गावातल्या एकालाही बोलावलं नाही. मी बाईंना म्हणालो, समितीचा ठराव जोडा की. आम्ही सगळ्यांनी मिळून पाडली असं लिहा. माझं नाव वर टाका. माझी कुठं नोकरी आहे जायला?

बाई माझ्याकडं बघत म्हणाल्या, "नोकरी नाही म्हणून तुमचं नाव स्वस्त झालं का?"

"बाई, पण खोटं तर न्हाई ना लिहायचं."

"खरं लिहिलं तर उद्या गावावर गुन्हा नोंदवतील. सविताचा बाप, रुक्सानाचा बाप, कोंडाबाई, सगळे तालुक्याला चकरा मारतील. मग पुन्हा कुठल्या गावात शाळेचं दार दुरुस्त करायला माणूस उठेल, अध्यक्ष? एक खोली पडली तर बांधता येते. हे पडलं तर नाही बांधता येत."

मी खूप भांडलो. पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी ऐकलं नाही. खुलाशात लिहिलं, पाडताना मी हजर होते, जबाबदारी माझी. साहेबाचा फोनही त्यांनी लिहिला, पण त्यापुढं शेरा पडला, पुरावा नाही. मुख्याध्यापकपद काढून घेतलं, वेतनवाढ रोखली, आणि जिल्ह्याच्या पार त्या टोकाला, परंड्याकडं बदली केली. जाताना निरोपाचा कार्यक्रम नको म्हणाल्या. तरी गाव एसटीच्या थांब्यावर गोळा झालं होतं. कोंडाबाई रडत होती, बाई तिला सांगत होत्या, भात उतरवताना पोरं लांब बसव.

गेल्या उन्हाळ्यात परंड्याच्या बाजूला शेडचं काम निघालं म्हणून मुद्दाम वाट वाकडी केली. शाळा रस्त्यावरूनच दिसली. व्हरांड्यात स्टुलावर बाई उभ्या. पांढरे बूट. काठीनं छत ठोकत होत्या, आणि खाली तिथला तरुण मुख्याध्यापक स्टूल धरून उभा होता. गावातली दोन-चार माणसं कडेला. त्यांना त्या विचारत होत्या, तुमच्याकडं लग्नं कुठं होतात?

मला बघून उतरल्या. हसल्या. आपल्या प्रकरणाबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं ते एवढंच, पोरं कुठं बसतात?

एक वर्ग खोलीत, दोन मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, एक माझ्या जुन्या पत्र्याच्या शेडात, मी सांगितलं.

"पत्रा तापत असेल. वर कडबा टाका. आणि सभामंडपात दाराकडं तोंड करून बसवा, निघायची वाट मोकळी पाहिजे." मग विचारलं, "भिंतींना भेगा?"

नाहीत म्हणालो.

"बघत राहा," म्हणाल्या, आणि परत स्टुलावर चढल्या. मी गाडी सुरू केली तेव्हा काठीचा आवाज येत होता, टक, टक, आणि मग एकदा पोकळ, ढब. त्यांनी हात वर करून पोरांना मागं सरकवलं.

मला घरापर्यंत धड गाडी चालवता आली नाही, इतका राग आला होता. अजून आहे. तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

साहेब, तुम्हाला बढती मिळाल्याचं ऐकतो. मिळू द्या. बाईंनी तुमच्याबद्दल काही मागितलं नाही, मी मागतो. कार्यालयात नाही, चौकशीच्या बंद खोलीत नाही. आमच्या गावात या. मारुतीच्या सभामंडपात सकाळी तिसरी बसते, तिच्यासमोर उभे राहा. दुपारच्या त्या फोनवर कुणी सांगितलं पाडायला? आणि सांगितलं नसेल, तर तसं पोरांच्या डोळ्यात बघून म्हणून दाखवा. आम्ही सगळे तिथं बसलेले असू. उत्तर द्या.